वानगी आणि माल : व्हिडिओ गेमच्या डेमोची चिकित्सा

१

माझे वडील जळगावच्या एका जिनिंगमध्ये कापूस बघून घेण्याच्या कामावर होते. हंगामात पहाटेपासून आवाराबाहेर गाड्यांची रांग लागे. गाडीबरोबर आलेला माणूस वरच्या थरातला मूठभर कापूस काढून पुढे करी. वडील तो हातात घेत, मान डोलवत, बाजूला ठेवत आणि मग स्वतःचा हात कोपरापर्यंत गाडीत खुपसत. आतून निघालेल्या मुठीतला धागा दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून बघत. कवडी किती, काडीकचरा किती, ओल किती, हे अजमावत. समोरच्याने कुरकुर केली की म्हणत, ‘‘हाई वानगी शे भाऊ, माल नही.’’ दोन्ही मुठी एकाच गाडीतल्या. पण एक त्याने निवडलेली, दुसरी वडिलांनी. भाव दुसऱ्या मुठीवर ठरे.

हा लेख व्हिडिओ गेमच्या डेमोंविषयी आहे. डेमो म्हणजे गेम विकत घेण्याआधी दाखवलेला किंवा खेळायला दिलेला त्याचा तुकडा. साहित्याच्या वाचकाला ही वस्तू वाटते तितकी परकी नाही. याच दिवाळी अंकांतून आपण दरवर्षी ‘आगामी कादंबरीतील एक प्रकरण’ वाचतो, प्रकाशनपूर्व सवलतीत न छापलेल्या पुस्तकाचे पैसे भरतो आणि मलपृष्ठावरचा मजकूर वाचून पुस्तक उचलतो. अंशावरून पूर्णाविषयी वचन द्यायचं, हा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. फरक इतकाच, की गेमच्या धंद्यात तो फार मोठ्या पैशाचा झाला, तिथे तो वारंवार फसला आणि कसा फसला याची नोंद उपलब्ध आहे.

माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, तेही अर्धवट. पुढचं जे काही वाचन झालं ते व. वा. वाचनालयात आणि नंतर संगणकासमोर. गेली बारा-तेरा वर्षं मी फसलेल्या डेमोंची टिपणं ठेवतो आहे. त्यामागे कुतूहल आहे, तसंच एक जुनं ओझंही आहे. ते आधी सांगून टाकतो.

२

२००२ ते २००९ या काळात मी जळगावात सायबर कॅफे चालवला. आठ संगणक होते. टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट इतकं सावकाश, की शंभर एमबीचा डेमो उतरवायला पाच-सहा तास लागत आणि मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे डेमो यायचे ते ‘डिजिट’सारख्या इंग्रजी मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींवरून. मासिक कोणी वाचो न वाचो, सीडीची वाट बघणारी मुलं असत.

आठांपैकी दाराजवळच्या एकाच संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याचा पडदा दिसे. त्यावर मी गाड्यांच्या शर्यतीचा एक डेमो लावून ठेवत असे : रात्रीचं शहर, ओला रस्ता, त्यात पडलेली रंगीत दिव्यांची प्रतिबिंबं. अकरावीतला एक मुलगा रोज कॉलेज सुटल्यावर दारात उभा राहून तो बघत असे. एक दिवस त्याने महिन्याच्या पासचे ३०० रुपये आणून दिले. दहा-दहाच्या नोटा होत्या. मी त्याला सहा नंबरवर बसवलं, कारण पहिला संगणक ‘दाखवायचा’ होता. सहा नंबरवर तोच गेम चाले. पण रस्ता कोरडा, दिवे फिके आणि वळणावर गाडी अडखळत, थांबत पुढे सरके. थोड्या वेळाने तो उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘‘भाऊ, हा तोच गेम आहे का?’’

मी म्हणालो, ‘‘तोच आहे.’’

ते खोटं नव्हतं. सीडी एकच, गेम एकच, नावही एकच. तो परत जाऊन बसला. पुढच्या महिन्यात आला नाही. ‘तोच’ या शब्दात मी काय लपवलं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. पुढचं विवेचन म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असंही म्हणता येईल.

३

डेमो चांगला की वाईट, हे ठरवायचं कशावर? गेमच्या समीक्षेत यावर पुष्कळ संताप आढळतो, पण मोजपट्टी क्वचित. मला ती कापसाच्या व्यापारात आणि त्यातून घडलेल्या कायद्यात सापडली.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६२ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेना आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव ही मोठी कापूसपेठ झाली ती तेव्हा. भाव चढला तशी लबाडीही चढली. गाठीत बाहेरच्या बाजूला चांगली रुई आणि आत हलकी, कधी सरकी, कधी माती. वजनासाठी पाण्याचा शिपका. मुंबई सरकारला १८६३ साली कापसातल्या फसवणुकीसाठी वेगळा कायदाच करावा लागला. म्हणजे वानगी एक आणि माल दुसरा, हे दुखणं आपल्या गावाच्या भरभराटीइतकंच जुनं आहे.

पुढे १९३० साली माल विक्री अधिनियम आला. तो आजही लागू आहे. त्याचं १७ वं कलम वानगीवरून होणाऱ्या विक्रीविषयी आहे आणि ते तीन गोष्टी मागतं. एक, माल दर्जाने वानगीशी जुळला पाहिजे. दोन, माल आणि वानगी ताडून बघण्याची वाजवी संधी घेणाऱ्याला मिळाली पाहिजे. तीन, वानगी नीट तपासूनही लक्षात येणार नाही असा, माल विक्रीच्या लायकीचा न ठेवणारा दोष आत दडलेला नसावा. आधीचं १५ वं कलम आणखी एक पाचर मारतं : वानगी आणि वर्णन या दोहोंवरून विक्री झाली असेल, तर माल नुसता वानगीशी जुळून भागत नाही, वर्णनाशीही जुळावा लागतो.

मी वकील नाही. डेमो दाखवला म्हणजे कायद्याच्या अर्थाने वानगीवरून विक्री झाली, असा माझा दावा नाही; तशी अट करारात असावी लागते. तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या २००४ च्या निकालात मानलं, पण तो प्रश्न विक्रीकराचा होता. आज तर गेम घेणाऱ्याच्या हाती बहुधा मालकी येतच नाही, वापराचा परवाना येतो. तेव्हा ही कलमं मी न्यायालयासाठी नाही, समीक्षेसाठी वापरतो आहे. जुळतो का, ताडून बघता आलं का, आत काय दडलं होतं आणि वर्णन काय केलं होतं, हे चार प्रश्न प्रत्येक डेमोला विचारायचे.

४

प्रामाणिक वानगी कशी असते, ते ‘डूम’ने दाखवलं. अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी हा गेम बाहेर काढला. गेमचे तीन खंड होते. त्यातला पहिला अख्खा खंड फुकट. त्याच्या प्रती करून वाटायलाही मुभा. पुढचे दोन हवे असतील तर पैसे पाठवून मागवायचे. या पद्धतीला ‘शेअरवेअर’ म्हणत. घेणारा तो खंड स्वतःच्या घरी, स्वतःच्या यंत्रावर, हवा तितका वेळ खेळे. सहा नंबरचा संगणक असेल तर सहा नंबरवर. गेम अडखळत असेल, तर पैसे देण्याआधीच कळे. कोपरापर्यंत हात घालण्याची मुभा म्हणतात ती ही.

इथे ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आठवेल. पण ही म्हण भाताला लागू पडते, कारण एका हंडीतलं प्रत्येक शीत सारखंच शिजतं. कापसाची गाडी तशी नसते; गेम तर त्याहून नसतो. त्यातला प्रत्येक टप्पा वेगळा रचलेला असतो, पहिला तास सर्वांत घासूनपुसून घेतलेला असतो आणि शेवटच्या टप्प्यांवर बहुधा घाईचे वळ असतात. कादंबरीचंही असंच आहे. म्हणजे ‘डूम’सारख्या प्रामाणिक वानगीतूनही सगळं कळत नाही. पण जेवढं कळतं तेवढं खरं असतं.

५

फसवणुकीची पहिली आणि उघड तऱ्हा म्हणजे वानगी वेगळ्या हंडीत शिजवणं. लॉस एंजेलिसमध्ये १९९५ पासून भरणारं ‘ई-थ्री’ हे प्रदर्शन (ते २०२३ मध्ये कायमचं बंद झालं) म्हणजे या हंड्यांचा बाजार होता. तिथे डेमो प्रेक्षकाच्या हाती क्वचित येई. मंचावर कंपनीचा माणूस खेळे किंवा खेळल्यासारखं करी आणि सभागृह टाळ्या वाजवी.

२००५ साली सोनीने नव्या यंत्राबरोबर ‘किलझोन २’ची दृश्यं दाखवली. ती प्रत्यक्ष खेळातली वाटावीत अशी मांडली गेली. निघाली आधी चित्रित करून ठेवलेलं अ‍ॅनिमेशन. गेम आला तो २००९ मध्ये. त्याच्या निर्मात्यांना चार वर्षं त्या चित्रफितीचा पाठलाग करावा लागला. म्हणजे इथे मालाची वानगी काढलेली नव्हती; आधी वानगी झाली आणि मग तिच्या मापाचा माल करायला माणसं बसवली गेली.

‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’चं प्रकरण अधिक वाईट. प्रदर्शनांतून दाखवलेल्या डेमोत प्रकाश, सावल्या, धूर, अंगावर धावून येणारे प्राणी, सगळं जिवंत होतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये हाती आलेला गेम निस्तेज होता. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तक्रार गेली, तेव्हा प्रकाशक सेगाने जाहिरातफिती अंतिम गेमशी तंतोतंत जुळत नसल्याचं मान्य केलं आणि तशी सूचना त्यांवर टाकण्याचं कबूल केलं. पुढे २०१८ साली एक गंमत उजेडात आली. त्या प्राण्यांच्या हालचाली ठरवणाऱ्या एका फाइलीत ‘टेदर’ या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ हे अक्षर जास्तीचं पडलं होतं. ते काढल्यावर प्राणी बरेच शहाण्यासारखे वागू लागले. सतराव्या कलमाची तिसरी अट हेच म्हणते : वानगी कितीही निरखली, तरी न दिसणारा दोष.

‘वॉच डॉग्ज’ची गोष्ट याच्या उलट. २०१२ च्या प्रदर्शनात दाखवलेली पावसाळी रात्र मे २०१४ मध्ये आलेल्या गेममध्ये फिकी पडली. पण महिन्याभरातच हौशी माणसांनी गेमच्या फाइली उकलून त्या डेमोतले काही प्रकाश-परिणाम आत निजलेले शोधून काढले. म्हणजे चांगली रुई गुदामात होती, गाठीत भरली नव्हती.

धंद्यातली माणसं यावर जे उत्तर देतात तेही ऐकायला हवं. ते अशा डेमोला ‘व्हर्टिकल स्लाइस’ म्हणतात, म्हणजे उभा काप. गेम अजून घडायचा असतो. तो कसा असेल हे आधी संघाला आणि पैसे लावणाऱ्यांना दाखवायचं, म्हणून सर्व थरांचा एक अरुंद काप पूर्ण करून घेतात. विहीर खणण्याआधी बोअर मारून थर बघावेत, तसं. हा युक्तिवाद मला पटतो, पण अर्धाच. घरातल्या घरात काढलेला उभा काप हा आराखडा असतो. तोच मंचावर आणून आगाऊ नोंदणी सुरू केली, की त्याची वानगी होते आणि वानगीच्या अटी त्याला लागतात.

६

दुसरी तऱ्हा अधिक सूक्ष्म : वानगी खरी, पण गप्प. २००९ सालच्या ‘ब्रूटल लेजंड’च्या डेमोत कुऱ्हाड, गिटार, मोटारगाडी आणि विनोद यांची धमाल होती. त्यातलं सगळं मूळ गेममध्ये जसंच्या तसं होतं. पण पुढे गेल्यावर गेमचा मोठा भाग सैन्य उभारून लढवण्याच्या डावपेचांचा निघाला आणि डेमोने त्याचा उच्चारही केला नव्हता. वडिलांच्या भाषेत सांगायचं तर मूठ गाडीतलीच होती. फक्त गाडीत कापसाखाली तूर होती. दर्जा जुळला, वर्णन जुळलं नाही. मला स्वतःला ती तूर आवडते. तो गेम त्याच्या लौकिकाहून चांगला आहे. पण कापूस घ्यायला आलेल्याचा राग त्याने कमी होत नाही. डेमोने गप्प राहून गेमचंच नुकसान केलं. त्याला त्याचा खरा गिऱ्हाईक भेटू दिला नाही.

‘मेटल गिअर सॉलिड २’बाबत निवाडा करणं कठीण आहे. २००१ साली त्याचा डेमो ‘झोन ऑफ द एंडर्स’ या दुसऱ्या गेमबरोबर दिला गेला. डेमोत आधीच्या भागाचा लाडका नायक स्नेक एका तेलवाहू जहाजावर वावरतो. गेम घरी आणला तर जहाजाचा भाग लवकर संपतो आणि उरलेला बहुतांश वेळ रायडन नावाच्या नवख्या पोराला घेऊन खेळावं लागतं. दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांनी हे ठरवून लपवलं. जाहिरातफितींतही रायडनच्या जागी स्नेक घातला. मात्र गेमचा विषयच माहिती कोण पेरतं, कोण दडवतं आणि माणूस त्यावरून स्वतःला कसा घडवतो, हा आहे. खेळणाऱ्याची फसगत हा कथेचा पहिला अंक होता. रहस्यकथेच्या मलपृष्ठाने खुन्याचं नाव लपवावं, हे आपण मान्य करतोच. माझा कौल असा : कारागिरीच्या दर्जाबद्दल इथे खोटं वचन नव्हतं, म्हणून ही लबाडी कलेच्या खात्यावर मांडता येते. पण आवडत्या नायकासाठी पैसे साठवलेल्या पोराला हे खातं दाखवायला मी धजणार नाही.

आणि एक अशीही वानगी आहे, जिचा माल कधी झालाच नाही. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ‘पी.टी.’ नावाचा एक छोटा गेम फुकट उपलब्ध झाला. घरातला एक काटकोनात वळणारा बोळ. दार उघडून पुढे जावं तर पुन्हा तोच बोळ, थोडा बदललेला. तो संपवल्यावर कळे, की हा ‘सायलेंट हिल्स’ या आगामी गेमचा डेमो आहे. एप्रिल २०१५ मध्ये तो गेम रद्द झाला. ‘पी.टी.’ दुकानातून काढून टाकला गेला, पुन्हा उतरवून घेण्याचीही सोय उरली नाही. तो ज्यांत आधीपासून होता अशी जुनी यंत्रं चढ्या भावाने विकली जाऊ लागली. भयकथेचा असा घट्ट, काटकसरी नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. तो अपुरा वाटत नाही, कारण मुळात त्याच्यात नसलेल्या मालाचा एकही तुकडा उसना आणलेला नव्हता. चांगला डेमो स्वतंत्र कलाकृती होऊ शकतो, याचा हा पुरावा. नुसत्या वानगीवर पेठ चालत नाही, याचाही.

७

आता आपल्याकडे येऊ. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. आमच्या गल्लीत त्या दिवशी सुतक होतं. दोनच दिवसांनी अक्षयकुमार यांनी बंगळुरूच्या एनकोअर गेम्सच्या ‘फौजी’ची घोषणा केली. दसऱ्याला गलवान खोऱ्यातल्या चकमकीचं अ‍ॅनिमेशन दाखवणारी चित्रफीत आली आणि २६ जानेवारी २०२१ रोजी गेम आला. त्यात बंदुका नव्हत्या. हाताने आणि हाती लागेल त्या हत्याराने मारामारी करत एकट्यानेच पुढे सरकायचं होतं. मित्रांबरोबर खेळण्याचे प्रकार ‘लवकरच’ या पाटीखाली होते. आठवड्याभरात कौतुकाचे तारे झपाट्याने उतरले.

यात चित्रफीत खोटं बोलली होती का? चित्रफितीत सैनिक हातघाईवरच आलेले होते. वानगी मालाशी बऱ्यापैकी जुळत होती. जुळली नाही ती घोषणेची वेळ. पबजी गेल्यावर दोन दिवसांनी ‘आपला’ गेम येतोय म्हटल्यावर पोरांनी वर्णन स्वतःच भरून घेतलं आणि ते दुरुस्त करण्याची घाई कोणी केली नाही. न केलेलं वर्णनही वर्णनच असतं, हे मला या प्रकरणाने शिकवलं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) याच्या दुसऱ्या टोकाला आहे. भावाला शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, भित्तिचित्रांसारखे वाडे आणि महाल. २०१७ साली लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडूनही या छोट्या संघाने तो पुरा केला आणि दाखवलं तसंच रूप घडवलं. तरी अनेक समीक्षकांची तक्रार राहिली, की तो लवकर आणि अर्ध्यावर तोडल्यासारखा संपतो. ही तक्रार रास्त आहे. पण ती वानगीच्या आवाक्याबाहेरची आहे. मुठीवरून धागा कळतो, गाडीचं वजन कळत नाही. वजन वर्णनातच सांगावं लागतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या केली आहे. पहिल्या चुकीला १० लाखांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक चुकीला ५० लाखांपर्यंत दंड आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर असंही आहे, की मुख्य दावा दिशाभूल करणारा असेल, तर खाली बारीक अक्षरांत टीप टाकून तो सुधारता येणार नाही. ‘दृश्ये प्रत्यक्ष खेळातील नाहीत’ ही कोपऱ्यातली ओळ या कसोटीवर किती टिकेल, हे कुणीतरी तपासून बघावं असं मला फार वाटतं.

८

मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. ‘सायबरपंक २०७७’ हा पोलंडच्या सीडी प्रॉजेक्टचा गेम २०१८ पासून दाखवला जात होता. तो १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी समीक्षकांच्या हाती दिल्या गेलेल्या प्रती ताकदवान संगणकांवर चालणाऱ्या होत्या. ज्यांच्याकडे जुनी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यंत्रं होती, त्यांच्यापुढे आला तो अडखळणारा, बंद पडणारा गेम. आठच दिवसांनी सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत केले. तो तिथे परतला तो जून २०२१ मध्ये. कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने जाहीर माफी मागितली. पुढची काही वर्षं त्यांनी डागडुजी केली आणि आजचा गेम उत्तम आहे.

ही बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दाराजवळचा संगणक आला. काही हजार कोसांवरच्या कंपनीने अवाढव्य प्रमाणात तेच केलं होतं, जे मी ३०० रुपयांसाठी केलं. डेमो खोटा नव्हता. गेम तोच होता. फक्त दाखवला पहिल्या नंबरवर आणि विकला सहाव्या नंबरसाठी. कलमाची दुसरी अट, ताडून बघण्याची वाजवी संधी, दोघांनीही चुकवली होती. चार प्रश्नांत हाच प्रश्न मला आता सर्वांत वरचा वाटतो. माल जुळला नाही तर तो हात घालणाऱ्याला दिसतो, आणि वर्णन अपुरं असेल तर तेही बऱ्याच वेळा उघडं पडतं. हात घालूच दिला नाही, तर बाकीचे प्रश्न विचारताच येत नाहीत.

मधल्या काळात हा हात बाजूला सारला गेला, याला हिशेबी कारण होतं. खेळता येणारा डेमो तयार करायला वेळ आणि पैसा लागतो आणि त्यातून गेमचे दोष आधीच कळतात. चित्रफितीतून उत्सुकता तेवढी वाढते. २०१३ साली गेमरचनाकार जेसी शेल यांनी एका परिषदेत आकडे मांडून हेच सांगितलं होतं, की चित्रफीत असलेले पण डेमो नसलेले गेम जास्त खपतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा शहाणपणा आहे. मी तर त्यातून एवढंच वाचतो, की बऱ्याच गाड्यांच्या आत काय आहे हे गाडीवाल्यांना ठाऊक होतं.

हात परत आला तो दोन वाटांनी. जून २०१५ पासून ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाने, घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत घेण्याची सोय केली. म्हणजे प्रत्येक गेमचे पहिले दोन तास हाच त्याचा डेमो झाला. घेणाऱ्याच्या घरी, घेणाऱ्याच्या यंत्रावर. साहजिकच आता पहिले दोन तास जास्त घासले जाण्याचा धोका आहे. वरचा थर सजवायची खोड काही जात नाही. दुसरी वाट छोट्या संघांची. त्याच दुकानाच्या ‘नेक्स्ट फेस्ट’ या उत्सवात शेकडो होतकरू गेमांचे डेमो खेळायला मिळतात. ज्यांचं नाव कोणाला माहीत नाही, त्यांना वानगी हातात देण्यावाचून गत्यंतर नसतं.

२००९ मध्ये दुकान बंद केलं तेव्हा सगळे संगणक भंगारात गेले. पहिलाही आणि सहावाही. वजनाला दोघांचा भाव सारखाच आला. तो मुलगा आता चाळिशीच्या आसपास असेल. त्याला मी ‘‘तोच आहे’’ म्हणालो, त्याऐवजी आधी दहा मिनिटं सहा नंबरवर फुकट बसवून मग पास हवा का, असं विचारायला हवं होतं. कदाचित त्याने पास घेतला नसता. कदाचित २०० रुपयांत घेतलाही असता. वडिलांच्या हाताखालून गेलेल्या कित्येक गाड्यांचा भाव असा उतरला, पण त्या गाड्या पुढच्या हंगामात त्याच आवारात परत येत.